अरेरे म्हणायचं नाही

आमच्या घरात कुणाच्या हातून कप फुटला, कुणी नापास झालं, कुणाची बस चुकली, तरी माझ्या तोंडून ‘अरेरे’ निघत नाही. सुना म्हणतात, आई फार कडक आहेत. असेन. पण हा कडकपणा माझा नाही. तो मला लावला आमच्या कंपनीच्या पॅटर्न शॉपच्या फोरमननी, आणि लावला तो एका लाकडी गोळ्याच्या जोरावर. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. सवय मात्र गेली नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

मी तेव्हा पिंपरीला एका कंपनीत टेलिफोनच्या बोर्डावर बसायचे. कानाला हेडफोन, समोर वायरी, दिवसभर ‘जोडून देते’ आणि ‘लाइन बिझी आहे’. कारखान्यात बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आम्हाला शॉपमधलं काही दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. पण फोरमनना ओळखत नाही असा माणूस अख्ख्या कंपनीत नव्हता, कारण ते येता-जाता दिसेल ते लाकूड वाजवायचे. दार, टेबल, खुर्चीची पाठ, साहेबांच्या केबिनचं पार्टिशन. बोटाच्या पेराने टकटक करायचे, कान लावायचे आणि पुढे जायचे. एकदा बोर्डाच्या खोलीत आले, माझं टेबल वाजवलं, मान हलवली आणि गेले. टेबलात काय कमी होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी मात्र महिनाभर त्याच्यावर कोपर टेकवायला घाबरत होते.

मूळचे ते राजगुरुनगरकडचे, जातिवंत सुतार. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारं खातं म्हणजे पॅटर्न शॉप. डोक्याला खाकी टोपी, कानामागे पेन्सिल. टोपी घरात तरी काढतात की नाही याबद्दल कॅन्टीनमध्ये पैजा लागायच्या.

जर्मनीशी कंपनीचा करार होता. त्यातून काही लोकांना सहा महिने शिकायला पाठवलं, त्यांत हेही गेले. परत येताना कुणी ट्रान्झिस्टर आणला, कुणी कॅमेरा, एकाने तर बायकोसाठी शिवणयंत्राचं डोकं आणलं. फोरमननी आणला एक लाकडी गोळा. नारळाहून मोठा, गुळगुळीत, चांगलाच जड. कस्टमच्या माणसाने विचारलं, हे काय? हे म्हणाले, गोळा. कशाचा? लाकडाचा. आत काय आहे? लाकूड. तासभर बसवून ठेवलं म्हणे. शेवटी कस्टमच्या साहेबाने गोळा कानाशी नेऊन हलवून बघितला, तेव्हा फोरमन खूश झाले आणि त्याला म्हणाले, ‘हलवून न्हाई कळायचं सायेब. वाजवून बगा.’

त्या गोळ्यापायी कंपनीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची लीग उभी राहिली. परदेशी मशिनरी ज्या खोक्यांतून यायची, त्या खोक्यांच्या देवदारी फळ्यांना रंधा मारून त्यांनी लांबलचक पट्टी केली. दोन्ही बाजूंना चर. पलीकडच्या टोकाला बाभळीच्या, लेथवर फिरवलेल्या नऊ पिना. फोरमन त्यांना पिना म्हणायचे, कामगार बाहुल्या म्हणायचे, आणि शेवटी बाहुल्याच जिंकल्या. इकडून गोळा सोडायचा, तिकडे जितक्या बाहुल्या पडतील तितके गुण. शनिवारी शिफ्ट सुटली की खेळ सुरू.

एवढंच असतं तर मी त्यांच्यावर लिहायला बसले नसते. खेळ काय, कुणीही काढतो. फोरमननी जे नियम काढले होते, ते मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत.

पहिला नियम गटांचा. ज्यांना खेळ चांगला येतो ते शिसव. बरा येतो ते साग. ज्यांना येतच नाही ते देवदार. संघ तिघांचा, प्रत्येक गटातला एकेक, आणि कोण कुणाच्या संघात जाणार ते फोरमनच्या टोपीतल्या चिठ्ठ्या ठरवणार. (चिठ्ठ्यांपुरती ती डोक्यावरून उतरायची, म्हणजे टोपी निघते एवढं तरी पैजा लावणाऱ्यांना कळलं.) देवदारवाल्यांना पुढच्या रेषेवरून टाकायची मुभा. सगळ्यांत शेवटचा गोळा मात्र देवदारवाल्यानेच टाकायचा. हा कसला उलटा न्याय, असं कुणी म्हटलं की ते पायाखालची फळी दाखवायचे. ‘पट्टी कशाची हाय? देवदाराची. हे खाली न्हाई तर तुमी शिसवी लोक गोळा कुठं सोडणार?’ आणि स्वतः फोरमन कुठल्या गटात? देवदार. नेम म्हणाल तर देवाने दिलाच नव्हता. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून नऊच्या नऊ पडलेल्या मी पाहिल्या नाहीत.

दुसरा नियम, गोळा टाकण्याआधी आपलं नाव आणि खातं मोठ्याने सांगायचं. टोकन नंबर सांगितलेला चालायचा नाही. कारखान्यात माणूस नंबरानेच ओळखला जायचा, त्यामुळे नव्या माणसाची जीभ अडखळायची. फोरमन थांबून राहायचे. नाव आलं की मगच गोळा.

आणि तिसरा नियम, ज्याने मला घडवलं. गोळा चरात गेला, एकही बाहुली पडली नाही, तरी कुणी ‘अरेरे’ म्हणायचं नाही. जीभ टाळ्याला लावून चुकचुकायचंही नाही. जो म्हणेल त्याने तो खेळ संपेपर्यंत पलीकडे उभं राहून पडलेल्या बाहुल्या मांडायच्या. हसलं तर चालेल, शिवी दिली तरी चालेल. अरेरे नाही.

मला त्यांनी लीगमध्ये ओढलं तो प्रसंग अजून आठवतो. बोर्डाच्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, ‘बाई, एक देवदार कमी पडतंय.’

मी म्हटलं, ‘फोरमनसाहेब, मला त्यातलं काही येत नाही.’

‘म्हणून तर आलो. येणारे लई हायेत.’

शनिवारी पदर खोचून गेले. सगळी शेड बघायला लोटली होती, बाई गोळा टाकणार म्हणून. माझं नाव सांगितलं, खातं टेलिफोन सांगितलं आणि सोडला गोळा. तो पट्टीवर दोन हातसुद्धा गेला नाही, सरळ चरात. पुन्हा टाकला, पुन्हा चरात. शेडमध्ये हशा पिकला आणि मीही हसले. पण एकाही माणसाने मला बिचारी केलं नाही. मेंटेनन्सचे रशीदभाई, आमच्या लीगमधले पहिल्या नंबरचे शिसव, चरातून गोळा काढून पुसून माझ्या हातात देत म्हणाले, ‘ताई, चर एकदम मस्त सापडला तुम्हाला. आता जरा बाहुल्या शोधा.’ त्या दिवशी घरी जाताना माझी मान ताठ होती. अक्षर बरं म्हणून पुढे फळ्यावर गुण लिहायचं कामही माझ्याकडेच आलं.

हे सगळं कुठून सुचलं, असं एकदा चहा पिताना मी विचारलं. फोरमन बशीत चहा ओतत राहिले. मग म्हणाले, ‘जर्मनीत भाषा येत नव्हती. दिसभर काम, सांच्याला खोली. बोलाय कुणी न्हाई. एका शुक्रवारी शॉपवाले धरून घेऊन गेले. हाच खेळ. माझे सगळे गोळे चरात. मला वाटलं, आता बसवतील बाजूला. तर एकानं गोळा पुसला, परत हातात दिला. फळ्यावर माझं नाव लिवलं. खाली शून्य लिवलं.’ त्यांनी बशी खाली ठेवली. ‘शून्यच लिवलं, बाई. पण माझ्या नावाखाली लिवलं.’

सोपानची गोष्ट त्यानंतरची. सोपान मोशीचा, इंद्रायणीकाठच्या जुन्या शेतकरी घरातला, प्रेसशॉपमध्ये कामाला. एकदा पत्रा दाबायची प्रेस खाली आली आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. कंपनीने त्याला गेटवर हलकं काम दिलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांची टोकनं काढायची, लावायची. आधी हा गडी शॉपमध्ये गाणी म्हणायचा. आता उजवा हात खिशात, डबा एकट्याने खायचा. गेटमधून आत येणारा प्रत्येक जण त्याच्याकडे बघून चुकचुकायचा. सकाळी, दुपारी, रात्री, तिन्ही शिफ्टचे लोक. चांगल्या मनानेच करायचे. पण एखाद्याची रोज शेकडो माणसांनी कीव करायची म्हणजे काय, याचा विचार फक्त एका माणसाने केला.

फोरमन गेटवर गेले आणि विचारलं, ‘डावा हात कसा हाय?’

‘हाय की,’ सोपान म्हणाला.

‘मग दाव.’

त्यांनी पॅटर्नचं माप घ्यायचा कॅलिपर काढला, सोपानचा डावा पंजा मापला आणि आठवड्याने त्याच्या हाताला बसेल असा हलका गोळा करून दिला. सोपान आला खरा, पण खेळताना नुसतं ‘सोपान’ म्हणायचा. खातं सांगायचा नाही. गेट म्हणायची त्याला लाज वाटायची. प्रेसशॉप आता त्याचं राहिलं नव्हतं. नियमाला पक्के असलेले फोरमन त्याच्यापुरते कानाडोळा करायचे. मला म्हणायचे, ‘जागा रिकामी ठेवा, बाई. भरंल तो.’ फळ्यावर सोपानच्या नावासमोर मी ती जागा कितीतरी शनिवार कोरी ठेवली.

मग आले नवे पर्सोनेल मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, नीटनेटकेपणाचं वेड होतं. आमची शेड त्यांना अधिकाऱ्यांच्या स्कूटरसाठी हवी होती. फोरमन भांडले, वर गेले, खाली आले. शेवटी मॅनेजरांनी तोड काढली. शेजारच्या कंपनीतही आमचं बघून हा खेळ सुरू झाला होता. कंपनीच्या वार्षिक दिनी त्यांच्याशी सामना लावायचा. जिंकलात तर शेड तुमची, हरलात तर स्कूटरची.

सगळ्यांना वाटलं, सुटलो. तीन शिसव उतरवले की काम फत्ते. फोरमननी मात्र भर कॅन्टीनमध्ये टोपी काढली आणि चिठ्ठ्या टाकल्या. शिसवात रशीदभाई निघाले. सागात कॅन्टीनचे आचारी. देवदाराची चिठ्ठी मला उघडायला लावली, तिच्यावर सोपानचं नाव होतं.

त्यात पाहुण्यांनी निरोप धाडला होता की सामन्यात पुढची-मागची रेषा असलं काही चालणार नाही, सगळ्यांनी मागच्या रेषेवरूनच टाकायचं. लोक फोरमनच्या मागे लागले. निदान एवढ्या एका दिवशी तरी! ते लाकूड वाजवत फिरत राहिले.

सामन्याच्या आदल्या दिवशी मी शेडमध्ये फळा पुसत होते तेव्हा सोपान आला. फोरमन पट्टीवर पालथे पडून फळ्यांचे सांधे बघत होते. सोपान म्हणाला, ‘फोरमनसायेब, मला काढा. माज्यापायी शेड जाईल. लोक तोंडावर बोलत न्हाईत, पर मला कळतंय.’

फोरमन उठले नाहीत. तसेच पडल्या पडल्या म्हणाले, ‘शेड जाईल?’

‘व्हय.’

‘जाऊ दे. तुला बसवून ठिवायचं आसंल, तर मला शेड घेऊन काय करायचीय?’

सोपान पट्टीजवळ आला. मग त्याने खिशातून उजवा हात काढला, फोरमनना उठवायला पुढे केला, आणि फोरमन त्या हाताला धरून उठले. मी फळ्याकडे तोंड करून तेच तेच पुसत राहिले. माझे डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दाखवायची माझी तयारी नव्हती.

सामन्याला दोन्ही कंपन्यांची माणसं, बायकामुलं, खुर्च्यांवर साहेब लोक. रशीदभाईंनी पहिल्याच गोळ्याला नऊ पाडल्या. पाहुणेही तयारीचे होते. आचाऱ्यांनी बेताचं काम केलं. मग सोपान मागच्या रेषेवर उभा राहिला, नाव सांगितलं आणि डाव्या हाताने गोळा सोडला. तो निम्म्यापर्यंत सरळ गेला आणि हळूच चरात उतरला.

‘अरेरे!’ खुर्च्यांतून आवाज आला. पर्सोनेल मॅनेजर. अगदी मनापासून म्हणाले बिचारे.

फोरमन त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. ‘सायेब, उठा.’

‘का? काय झालं?’

‘अरेरे म्हनलात. आता बाहुल्या मांडायच्या. नियम हाय.’

मॅनेजर हसले. फोरमन हसले नाहीत. त्यांची शेड ज्याच्या हातात होती त्या माणसासमोर ते खांब होऊन उभे राहिले. रशीदभाई सावकाश पुढे आले आणि आपले कामाचे हातमोजे मॅनेजरांपुढे धरून म्हणाले, ‘कपडे खराब होतील साहेब, हे घाला.’ मॅनेजरांचे कान लाल झाले. पण उठले, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. कोट खुर्चीला अडकवला, हातमोजे चढवले आणि पलीकडे जाऊन बाहुल्या मांडायला लागले.

खेळ अटीतटीला आला. शेवटचा गोळा नियमाप्रमाणे सोपानचा, आणि जिंकायला पाच बाहुल्या हव्या होत्या (बरोबरी झाली तर डाव पाहुण्यांचा, असं ठरलं होतं). सोपान रेषेवर आला. उजवा हात उघडा, खिशाबाहेर. आणि खणखणीत आवाजात म्हणाला, ‘सोपान. प्रेसशॉप.’

कागदोपत्री ते खोटं होतं. मी फोरमनकडे पाहिलं. ते म्हणाले, ‘बराबर हाय. लिवा.’ मी कोरी जागा भरली.

गोळा गेला. तीन बाहुल्या आडव्या झाल्या, चौथी त्यांच्यावर पडली. पाचवी डुलली, इतकी डुलली की लोक उभे राहिले, आणि मग ती सावरून थांबली. तिच्याजवळ मॅनेजर उभे होते. त्यांचं तोंड उघडलं. काय निघणार ते मला फळ्यापासूनही दिसत होतं. त्यांनी तोंड मिटलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, ‘चार.’

आम्ही हरलो. पण मी खरंच सांगते, जिंकून एवढा अभिमान मला वाटला नसता. रशीदभाईंनी सोपानला मिठी मारली. आचारी म्हणाले, चहा टाकतो. त्या गर्दीत एकानेही चुकचुक केली नाही, आमच्यातल्या नाही आणि पाहुण्यांतल्याही नाही. त्यांच्यातला एक जण तर फोरमनना टोपीतल्या चिठ्ठ्यांची पद्धत विचारत होता.

शेड गेली. मॅनेजर बोलल्याप्रमाणे वागले, त्यांना मी दोष देत नाही. पुढच्या आठवड्यात पट्टी उखडायचं काम सुरू झालं तेव्हा सोपान गेटवरून आला आणि म्हणाला, ‘फळ्या भंगारात घालू नका. आमचं खळं मोकळंच हाय. मळणी झालीया. तितं टाका.’ रशीदभाईंच्या भावाचं भोसरीला गॅरेज होतं. त्याचा टेम्पो आला, फळ्या, बाहुल्या आणि माझा फळा असं सगळं मोशीला गेलं. सोपानच्या आईने खळं सारवून ठेवलं होतं. शनिवारची लीग रविवारची झाली. लोक सायकली हाणत यायचे. गावातली म्हातारी माणसं काठी बाजूला ठेवून नाव सांगायची आणि देवदारात दाखल व्हायची. सोपानच्या आईने तर पहिल्या झटक्यात सहा पाडल्या, तिला थेट सागात घ्यावं लागलं.

त्याच सुमारास फोरमन रिटायर झाले. हार, नारळ, घड्याळ, भाषण. आम्हाला वाटलं, रविवारी जरा उदास असतील. ते नेहमीच्या वेळेला सायकलवरून आले, आल्या आल्या खळ्याच्या मधली मेढ, म्हणजे बैल बांधायचा खांब, वाजवून बघितली आणि आपली पाळी आल्यावर रेषेवर उभे राहिले. मोठ्याने नाव सांगितलं.

मग ‘पॅटर्न शॉप’ म्हणायला तोंड उघडलं, आणि थांबले. त्या दिवशी त्यांना खातं उरलं नव्हतं. खोटं बोलणं त्यांना जमणारं नव्हतं. गोळा पोटाशी धरून ते तसेच उभे, आणि मी खडू हातात घेऊन. सगळं खळं त्यांच्याकडे बघत होतं.

पलीकडून, बाहुल्या मांडता मांडता, सोपान ओरडला, ‘खातं खळं! लिवा बाई. टाका सायेब.’

मी लिहिलं. फोरमननी टोपी नीट केली आणि गोळा सोडला. तो थोडा पुढे गेला, वळला, चरातून उडाला आणि थेट कडब्यात घुसला. रशीदभाई गेले, कडब्यातून गोळा काढला, शर्टाला पुसला आणि त्यांच्या हातात दिला. आणि मी त्यांच्या नावाखाली, माझ्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात, शून्य लिहिलं.